निकाल मान्य नाही? आधी कॅलेंडर उघडा

तीन मतांनी पडलेले एक गृहस्थ ग्रामपंचायतीच्या निकालानंतर सोळाव्या दिवशी माझ्याकडे आले. निफाड तालुक्यातलं गाव. द्राक्षबागेची छाटणी चालू होती, म्हणून जरा उशीर झाला म्हणाले. पिशवीतून त्यांनी एकेक वस्तू काढली: पेपरची कात्रणं, एक पेनड्राइव्ह, मतमोजणी प्रतिनिधीचा बिल्ला आणि गावातल्या चाळीसेक जणांच्या सह्यांचं निवेदन. सगळं टेबलावर मांडून झाल्यावर मी एवढंच विचारलं, "नाना, निकाल कोणत्या तारखेला लागला?" त्यांनी तारीख सांगितली. मी बोटांवर मोजलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजलं. मुदत आदल्या दिवशी संपली होती.

"पण माझी बाजू खरी आहे ना, वकीलसाहेब?"

असेलही. पण पंधरा दिवसांनंतर ती ऐकून घेणारं कोणी नव्हतं.

नाशिकला सीबीएसजवळच्या कोर्टाच्या आवारात दर निवडणुकीनंतर असे दोन-चार नाना भेटतात. बहुतेकांची तक्रार खोटी नसते. ती चुकीच्या दिवशी, चुकीच्या दारात किंवा चुकीच्या शब्दांत आलेली असते. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याला ती कुठून सुरू होते आणि कुठे खड्डा आहे, एवढं तरी कळावं म्हणून हे लिहितोय. तुमच्या हातातली केस मात्र वकिलाला दाखवूनच पुढे जा. तेही निकालाच्या आठवड्यातच.

पहिली पायरी: कोणती निवडणूक, कोणतं कोर्ट, किती दिवस

निवडणुकीची केस ही साधी दिवाणी केस नव्हे. ज्या कायद्याने निवडणूक झाली, त्याच कायद्यात आव्हान कुठे आणि किती दिवसांत द्यायचं हे लिहिलेलं असतं. त्याबाहेर जाता येत नाही.

ग्रामपंचायत सदस्याची निवडणूक असेल तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १५ लागतं. निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवस. अर्ज द्यायचा आपल्या भागाच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. म्हणजे येवल्याच्या गावाचं येवल्यात, सिन्नरच्या गावाचं सिन्नरला. नाशिकला यायची गरज नाही. अर्ज उमेदवार करू शकतो, तसाच तिथला मतदारही करू शकतो. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला १९६१ च्या कायद्याचं कलम २७ आहे. तिथेही १५ दिवसच, पण दार जिल्हा न्यायाधीशांचं. भगूर, मनमाड, सिन्नरसारख्या नगरपरिषदांना १९६५ च्या कायद्याचं कलम २१ लागतं. तिथेही जिल्हा न्यायालयच, पण दिवस फक्त १०, आणि ते राजपत्रात नावं प्रसिद्ध झाल्यापासून मोजायचे. नाशिक महानगरपालिकेला १९४९ च्या महापालिका अधिनियमाचं कलम १६ आहे. १० दिवस, आणि अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे.

विधानसभा आणि लोकसभेचं सगळं वेगळं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ खाली याचिका थेट उच्च न्यायालयात जाते आणि मुदत ४५ दिवसांची असते. शेजारच्या धुळे, जळगाव, अहिल्यानगरची मंडळी औरंगाबाद खंडपीठात जातात. आपण नाशिककर मात्र मुंबईला.

आता दिवस मोजून बघू. विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला. निकालाचा दिवस सोडायचा आणि दुसऱ्या दिवसापासून धरायचं: नोव्हेंबरचे ७, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ७. म्हणजे ७ जानेवारी २०२५ हा शेवटचा दिवस. ४५ दिवस ऐकायला भरपूर वाटतात, पण मध्येच नाताळची सुट्टी येते आणि निवडणूक कार्यालयातून नकला मिळायलाच तीन आठवडे जातात.

नाशिक महापालिकेचं गणित याहून मजेदार. मतमोजणी १६ जानेवारी २०२६ ला झाली. दहावा दिवस कोणता? २६ जानेवारी. प्रजासत्ताक दिन, कोर्ट बंद. त्याआधीचा २५ हा रविवार. त्याआधीचा २४ हा चौथा शनिवार. म्हणजे सलग तीन दिवस कुलूप. शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी दाखल केलेलं चालतं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच मान्य केलेलं आहे. पण त्या आधारावर झोपायला जाऊ नका. समोरचा वकील पहिला अर्ज मुदतीचाच टाकतो, आणि मग मूळ भांडण बाजूला राहून सहा महिने तारखांच्या हिशेबावर युक्तिवाद चालतो. शुक्रवारी, २३ तारखेलाच ज्याने कागद दाखल केले, त्याच्यामागे ही कटकट लागत नाही.

उशीर माफ करून घेण्याचा नेहमीचा अर्ज इथे चालत नाही. आजारपण, बागेची छाटणी, घरातलं लग्न, काहीही सांगा. १९७४ मध्ये हुकुमदेव नारायण यादव विरुद्ध ललित नारायण मिश्रा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयातल्या निवडणूक याचिकांपुरता हा प्रश्न कायमचा मिटवला. खालच्या कोर्टात काही वेगळं होईल अशा आशेवर राहू नका.

नियमाशी भांडण असेल तर मतदानाची वाट बघू नका

बऱ्याच जणांचा राग निकालावर नसतोच, नियमावर असतो. प्रभाग कसा तोडला, आरक्षण कुठे पडलं, यादीत दुबार नावं किती. हे सगळं निकालानंतर याचिकेत घालायचं म्हणतात. तिथे त्याला जागा नसते.

प्रारूप प्रभागरचना जाहीर होते तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात. तुमची वेळ ती. नाशिक महापालिकेत १२२ जागा आणि ३१ प्रभाग. चार जणांचा प्रभाग म्हणजे त्याची हद्द कोणत्या नाल्यावरून गेली यावर एखाद्याचं राजकारण ठरतं. हरकत लेखी द्या, नकाशा जोडा, पोच घ्या, सुनावणीला हजर राहा. पुढे उच्च न्यायालयात गेलात तर पहिला प्रश्न "तेव्हा हरकत घेतली होती का?" हाच येतो. मतदार यादीचंही तेच. यादी अंतिम झाली की निवडणूक याचिकेत नावं चुकीची होती हा मुद्दा सहसा उभा राहत नाही. यादीचं भांडण यादीच्याच वेळी करायचं.

राज्यघटनेनेच ही कुंपणं घातलीत. लोकसभा-विधानसभेसाठी अनुच्छेद ३२९, पंचायतींसाठी २४३-ओ, नगरपालिका-महापालिकांसाठी २४३-झेडजी. निवडणूक कार्यक्रम एकदा जाहीर झाला की मध्येच कोर्टात जाऊन ती अडवता येत नाही, आव्हान निकालानंतर याचिकेतूनच. १९५२ मधला पोन्नुस्वामींचा खटला हा या सगळ्याचा पाया. त्यांचा अर्जच बाद झाला होता, तरी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, निवडणूक होऊ द्या, मग या. कार्यक्रम जाहीर होण्याआधी मात्र दार उघडं असतं. गोव्यातल्या नगरपालिकांच्या आरक्षणातल्या चुका कोर्टाने २०२१ मध्ये दुरुस्त करायला लावल्या त्या याच बळावर.

नियमाचं भांडण किती लांबू शकतं ते नाशिककरांना सांगायला नको. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचं मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला झालं. मधली जवळपास चार वर्षं राजीव गांधी भवनात प्रशासक. ओबीसी आरक्षणासाठी तीन कसोट्या पार पडल्याच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये विकास गवळी प्रकरणात ठरवलं. त्यावरून आयोग, अहवाल, अध्यादेश, याचिका असं सगळं चाललं. शेवटी ६ मे २०२५ ला कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं. तोवर गटार तुंबलं तर नगरसेवक शोधायचा कुठे, हा प्रश्न आमच्या गल्लीत रोजचा होता.

छाननीत अर्ज बाद झाला तर काही कायद्यांत तीन दिवसांत जिल्हा न्यायालयात अपिलाची सोय असते. डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीत अशा अपिलांचे निकाल उशिरा लागले म्हणून काही ठिकाणचं मतदान २ डिसेंबरवरून २० वर गेलं आणि सगळ्यांचीच मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. या तरतुदी बदलत असतात. तुमच्या निवडणुकीला कोणती लागू आहे ते छाननीच्या आदल्या दिवशीच विचारून ठेवा. अर्ज बाद झाल्यावर शोधायला लागलात तर तीन दिवस धावपळीतच जातात.

हे कोर्टाचं काम आहे की जिल्हाधिकाऱ्यांचं?

गावात सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. "त्याला तीन मुलं आहेत", "त्याचं घर सरकारी जागेत आहे", "खर्चाचा हिशेबच दिला नाही", "जातवैधता प्रमाणपत्र आणलं नाही". या अपात्रतेच्या तक्रारी. ग्रामपंचायतीच्या बाबतीत त्या कलम १४ आणि १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. त्यांच्या आदेशावर अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे नाशिकरोडला. दोन अपत्यांच्या अटीची तारीख १२ सप्टेंबर २००१ लक्षात ठेवा. तिच्या आधी तीन मुलं झालेली असली तरी तेवढ्यावरून कोणी अपात्र होत नाही. अतिक्रमणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात स्पष्ट केलं, की अतिक्रमण घरच्यांनी केलेलं असलं आणि सदस्य त्याच घरात राहत असला, तरी तो सुटत नाही.

आणि ऐका, जिल्हाधिकाऱ्यांकडच्या या अर्जाला कलम १५ ची पंधरा दिवसांची मुदत लागत नाही. नानांना मी त्या दिवशी हेच सांगितलं. त्यावर शेवटी येतो.

केस तयार होते ती मतमोजणीच्या टेबलावर

तहसील कार्यालयाच्या गोडाऊनमध्ये किंवा एखाद्या मंगल कार्यालयात जाळीपलीकडून टेबलं बघितली असतील तर तिथला गोंगाट माहीत असेल. पहाटेपासून उपाशी असलेला मतमोजणी प्रतिनिधी अकरा वाजता चहाला बाहेर जातो आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या टेबलावर त्याच्याच वॉर्डाचं मशीन येतं. पुढची सगळी केस त्या एका कप चहात बुडते.

म्हणून टेबलावर बसणाऱ्याच्या हातात वही द्या. केंद्र क्रमांक, मशीनचा क्रमांक, मशीनवर दाखवलेली एकूण मतं, प्रत्येक उमेदवाराची मतं, वेळ. मतदान संपताना केंद्राध्यक्षाने दिलेला मतांचा हिशेब हा सगळ्यात मोलाचा कागद. विधानसभा-लोकसभेत त्यालाच नमुना १७-ग म्हणतात. त्यातला आकडा आणि मोजणीतला आकडा जुळत नसेल तर तिथल्या तिथे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी द्या. तोंडी आरडाओरडा इतिवृत्तात येत नाही.

फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर होण्याआधी, कारणासकट, लेखी मागा. कोणत्या टेबलावर, कोणत्या फेरीत काय चुकलं ते लिहा. "मला संशय आहे" हे कारण होत नाही. अर्ज फेटाळला तर फेटाळल्याचा लेखी आदेश मागा. पुढे कोर्टात मतं पुन्हा मोजायला सांगायची वेळ आली, तर न्यायाधीश पहिला हाच कागद शोधतात.

कमी फरक हे एकटं कारण कधीच पुरत नाही. मालेगाव मध्यचा २०२४ चा निकाल आठवा. १६२ मतांचा फरक, राज्यातला सगळ्यात कमी. एवढ्या फरकावर कोणाच्याही मनात पुन्हा मोजायचं येणारच. पण मतदानाची गुप्तता हीसुद्धा कायद्याने जपलेली गोष्ट आहे आणि नुसत्या कुतूहलासाठी कोर्ट पेट्या उघडत नाही. ठोस चूक दाखवली तर उघडतं. हरियाणातल्या पानिपतजवळच्या एका गावात नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचाची निवडणूक झाली. एका केंद्रावरच्या आकड्यांवरून वाद पेटला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये मशीन दिल्लीला मागवून आपल्या आवारातच मतं मोजायला लावली. हरलेला उमेदवार ५१ मतांनी जिंकला. तोपर्यंत पावणेतीन वर्षं उलटून गेली होती.

तक्रार आणि कारण यात फरक आहे

याचिकेचा कणा एकच प्रश्न असतो: कायद्यातलं नेमकं कोणतं कलम मोडलं, आणि त्याने निकाल बदलला का?

१९५१ च्या कायद्याच्या कलम १०० मध्ये कारणांची यादी आहे. तिच्यात एक बारकावा नवख्यांच्या हमखास सुटतो. एखाद्याचा अर्ज चुकीने बाद झाला असेल तर निवडणूक रद्द व्हायला तेवढं पुरतं, निकालावर परिणाम झाला हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. चुकीने स्वीकारला असेल, बोगस मतं पडली असतील किंवा एखादा नियम पाळला नसेल, तर मात्र त्याचा निकालावर खरोखर परिणाम झाला हे आकड्यांनी दाखवावं लागतं. फरक ५,००० मतांचा आणि तुमच्याकडे २०० बोगस मतांचा पुरावा असेल, तर सगळं खरं धरूनही याचिका पडते. कागद हातात घेण्याआधी हे गणित एका कागदावर करून बघा. अर्ध्या केसेस तिथेच मिटतात, आणि पैसे वाचतात.

पैसे वाटले, धर्माच्या नावाने मतं मागितली अशा भ्रष्ट आचरणाच्या आरोपाला फौजदारी खटल्यासारखा कडक पुरावा लागतो. कोणी, कोणाला, कुठे, किती वाजता, किती. "सगळ्या वॉर्डात पाकिटं फिरली" असं वाक्य याचिकेत असलं की ते वाचणाऱ्या न्यायाधीशांचा चेहरा बघण्यासारखा असतो. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीचा खटला टिकला, कारण भाषणं कोणत्या तारखेला, कुठे झाली हे नेमकं मांडलेलं होतं. उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ती निवडणूक रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये ते कायम ठेवलं.

उलट बाजूचं उदाहरण ताजं आहे. २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. अमोल कीर्तिकरांनी आव्हान दिलं, त्यात मुद्दा प्रदत्त मतांचा होता, म्हणजे आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्यावर मतदाराला दिल्या जाणाऱ्या मतपत्रिकांचा. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका सुरुवातीलाच फेटाळली. निकालावर परिणाम झाला हे दाखवणारी महत्त्वाची तथ्यं याचिकेत पुरेशी मांडलेली नाहीत, असं कारण दिलं. साक्षीपुराव्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही. नंतर तपशील घालू म्हणणं इथे चालत नाही. मुदत संपली की नवं कारण आत येत नाही.

पेनड्राइव्ह नुसता देऊ नका

नानांच्या पिशवीतल्या पेनड्राइव्हवर मोबाइलचे सात व्हिडिओ होते. कोणी काढले? पुतण्याने. त्याचा मोबाइल कुठे? बदलला. झालं.

जालन्याची केस प्रत्येकाने लक्षात ठेवावी. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं, की खोतकरांनी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची वेळ उलटून गेल्यावर दिला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्याच कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. त्याच्या सीडी कोर्टात आल्या, पण त्यासोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी मागूनही दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण वर गेलं आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने नियम पक्का केला: इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. पण तुम्ही ते रीतसर मागितलं आणि समोरच्याने दिलं नाही, तर कोर्टाला सांगून मागवता येतं. तोपर्यंत २०१९ ची पुढची निवडणूकसुद्धा होऊन गेली होती.

आता हे प्रमाणपत्र भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली लागतं. ज्या फोनने चित्रीकरण केलं तो फोन जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेली प्रत नव्हे. लोकसभा-विधानसभेचं सीसीटीव्ही चित्रीकरण निवडणूक आयोगाच्या २०२५ च्या सूचनेप्रमाणे निकालानंतर ४५ दिवसच जपलं जातं, याचिका नसेल तर पुसलं जातं. त्यामुळे नकलेचा अर्ज पहिल्या आठवड्यातच टाका आणि पोच फाइलला लावा.

दाखल करायचा दिवस

उच्च न्यायालयातल्या याचिकेला २,००० रुपये अनामत लागते. रक्कम किरकोळ, पण भरली नाही तर याचिका फेटाळलीच जाते, ती नंतर भरून चालत नाही. तुम्ही स्वतःला विजयी घोषित करा अशी मागणी करत असाल तर लढलेल्या सगळ्या उमेदवारांना प्रतिवादी करावं लागतं. १४ जण उभे होते तर तुम्ही सोडून १३. नोटाला नाही, तेवढी सवलत आहे. निवडणूक अधिकाऱ्याला किंवा आयोगाला प्रतिवादी करायचा मोह मात्र आवरा. कायद्याने सांगितलेल्यांच्या पलीकडे कोणाला ओढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितलंय.

प्रत्येक प्रतिवादीसाठी एक प्रत, आणि प्रत्येक प्रतीवर याचिकाकर्त्याच्या स्वतःच्या सहीने ती खरी प्रत असल्याचा दाखला. आमच्याकडे पानागणिक सही घेतो. फोर्टातल्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बाकावर बसून एका उमेदवाराने तेरा गठ्ठ्यांवर सह्या केल्या तेव्हा संध्याकाळी त्याचा अंगठा उघडबंद होत नव्हता. वैतागून म्हणाला, "प्रचारात एवढे हात जोडले, तेव्हा दुखले नाहीत." भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर नमुना २५ मधलं वेगळं प्रतिज्ञापत्रही लागतं.

आणि स्वतः जा. याचिका याचिकाकर्त्याने जातीने सादर करायची असते. नुसतं वकिलाला पाठवून भागत नाही, हे २००९ च्या श्रीरामा रेड्डी प्रकरणात ठरलंय. पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून निघालात तर सीएसएमटीपासून हायकोर्ट चालत जाण्याएवढं आहे. पण शेवटच्या दिवशी पंचवटीच्या भरवशावर नको. कसारा घाटात गाडी थांबली तर तिथे ना फायलिंग काउंटर, ना न्यायाधीश. आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा.

तालुका कोर्टात हे सगळं सोपं आहे. अर्ज, कोर्ट फी, वकीलपत्र, नकला. मात्र तिथेही सामनेवाले कोण आणि मागणी काय, हे पहिल्याच दिवशी नेमकं हवं.

दाखल झाल्यावर

निवडून आलेला माणूस तोवर खुर्चीवरच असतो. याचिका टाकली म्हणून त्याची सही थांबत नाही, ठराव थांबत नाहीत. हे गावात आधीच सांगून ठेवा, नाहीतर पंधरा दिवसांनी लोक विचारायला लागतात, अजून उतरला कसा नाही. समन्स निघतात, सामनेवाले म्हणणं देतात, मुद्दे निघतात, साक्षी, उलटतपास. उच्च न्यायालयाने सहा महिन्यांत याचिका संपवण्याचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात काय होतं ते वर जालन्यात पाहिलंत. ग्रामपंचायतीच्या केसमध्ये न्यायाधीश मतं मोजून ज्याला जास्त वैध मतं त्याला विजयी घोषित करू शकतात. नाराज पक्ष पुढे उच्च न्यायालयात रिट घेऊन जातो. विधानसभा-लोकसभेत सर्वोच्च न्यायालयात अपील, ३० दिवसांत.

उच्च न्यायालयातली याचिका परस्पर तडजोड करून मागे घेता येत नाही. कोर्टाची परवानगी लागते, आणि तुम्ही हात काढलात तर दुसरा कोणी तुमच्या जागी उभा राहू शकतो. याचिका म्हणजे सौदा करायचं साधन समजणारे काही असतात, त्यांना हे ऐकून धक्का बसतो.

नानांचं काय झालं म्हणाल, तर कलम १५ चं दार बंद होतं ते बंदच राहिलं. पण त्यांच्या पिशवीत तळाशी घडी घातलेला एक कागद निघाला. जिंकलेल्या उमेदवाराच्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टी आकारणीचा उतारा. घराच्या मागच्या पडवीची जागा सरकारी होती. ती पेपरची कात्रणं बाजूला ठेवली, जमीनमोजणीचा अर्ज टाकला, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १६ खाली अर्ज दिला. छाटणी आटोपल्यावर नाना पहिल्या सुनावणीला आले तेव्हा सकाळी साडेनऊलाच कार्यालयाच्या पायरीवर बसलेले होते. सुनावणी तीन वाजता होती.